कमी आघाताच्या वृक्षतोडीनंतर वर्षावनात नेमके काय उरते? प्रजातींची संख्या आणि जंगलाची रचना यांविषयी शंका

मृण्मयी_वन

सर्वांना नमस्कार. मी वनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परिसंवादासाठी मी ‘कमी आघाताच्या वृक्षतोडीनंतर उष्ण कटिबंधातील वर्षावनाची वृक्षविविधता आणि रचना’ हा विषय घेतला आहे. उदाहरण म्हणून बोर्निओ बेटावरील मलेशियाचे सबाह राज्य निवडले आहे, कारण या पद्धतीचे सुरुवातीचे काही मोठे प्रयोग तिथे झाले.

पद्धत मला साधारण कळली आहे. तोडीआधी प्रत्येक मोठ्या झाडाची नोंद करून नकाशा तयार करायचा, झाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या वेली काही महिने आधी कापायच्या, ओंडके ओढण्याच्या वाटा आधीच आखायच्या, झाड ठरलेल्या दिशेलाच पाडायचे, तीव्र उतार आणि ओढ्यांचे काठ वगळायचे आणि काम झाल्यावर वाटांवर आडवे चर काढून पाणी वळवायचे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९६ मध्ये तोडीची आदर्श संहिता प्रसिद्ध केली, तिच्यातही बहुतेक याच गोष्टी आहेत.

माझा गोंधळ परिणामांविषयी आहे. पिनार्ड आणि पुट्झ यांच्या १९९६ च्या सबाहमधील अभ्यासानुसार तोडीनंतर एका वर्षाने नेहमीच्या पद्धतीच्या क्षेत्रात मूळ जैवभाराचा (म्हणजे झाडाझुडपांच्या एकूण वजनाचा) सुमारे ४४ टक्के आणि कमी आघाताच्या क्षेत्रात सुमारे ६७ टक्के भाग शिल्लक होता. म्हणजे काळजीपूर्वक तोड करूनही एक तृतीयांश जैवभार गेला. उलट, कॅनन, पीअर्ट आणि लेटन यांनी १९९८ मध्ये इंडोनेशियाच्या हद्दीतील बोर्निओमध्ये जिथे नेहमीचीच, बरीच नासधूस करणारी तोड झाली होती, तिथे आठ वर्षांनी मोजणी केली आणि वृक्षप्रजातींची समृद्धी टिकून असल्याचे लिहिले. जंगल इतके मोडूनही प्रजाती टिकत असतील, तर कमी आघाताच्या पद्धतीने विविधतेच्या बाजूने नेमके काय साधते? की मी दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करते आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शततारका

मृण्मयी, तुमचा प्रश्न योग्य जागी पोहोचला आहे. तुम्ही खरोखरच दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत, आणि १९९८ च्या त्या शोधनिबंधातली मेख मोजण्याच्या पद्धतीत आहे.

त्या लेखकांनी वीस सेंटिमीटरपेक्षा जास्त व्यासाची झाडे मोजली. तोड झालेल्या आणि न झालेल्या जंगलात सारख्याच क्षेत्रफळाचे नमुने घेतले, तेव्हा तोड झालेल्या भागात प्रजाती कमी भरल्या. मग त्यांनी क्षेत्रफळ बाजूला ठेवून सारख्याच संख्येची झाडे घेतली आणि त्यांतल्या प्रजाती मोजल्या, तेव्हा दोन्हीकडे प्रजाती बरोबरीच्या निघाल्या. मात्र तेवढी झाडे जमवायला तोड झालेल्या जंगलात पन्नास टक्के अधिक क्षेत्र फिरावे लागले. निष्कर्ष वाचताना हे शेवटचे वाक्य सहसा गळून जाते.

एका गावच्या जत्रेत तीनशे माणसे आली आणि दुसऱ्या गावच्या जत्रेत दोनशे, असे समजा. आडनावे मोजली तर पहिल्या जत्रेत जास्त भरणार, कारण माणसेच जास्त आहेत. दोन्हीकडची शंभर शंभर माणसे चिठ्ठ्या टाकून निवडली, तर आडनावे कदाचित सारखी निघतील. यावरून आपल्याला एवढेच कळते की दुसऱ्या गावात आडनावांची सरमिसळ तेवढीच आहे. तिथली माणसे का घटली आणि कुठल्या घराण्यातली घटली, याचे उत्तर या मोजणीत नाही. झाडांच्या बाबतीत तोडीनंतर पहिली घट होते ती संख्येची, आणि दर हेक्टरी मोजल्यास प्रजातींची घट ही बऱ्याच अंशी त्या संख्येच्या घटीचीच सावली असते. म्हणून परिसंवादात दोन्ही आकडे द्या, दर हेक्टरी प्रजाती आणि दर ठरावीक झाडांमागे प्रजाती, आणि कोणता आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे ते स्पष्ट सांगा.

अजून एक अडचण बोर्निओची खास आहे. बोर्निओवरच्याच मलेशियाच्या सारावाक राज्यातील लांबीर हिल्स येथील ५२ हेक्टरच्या कायमस्वरूपी नमुना क्षेत्रात अकराशेहून अधिक वृक्षप्रजाती नोंदल्या आहेत, आणि द्वीपकल्पीय मलेशियातील पासोहच्या ५० हेक्टरमध्ये आठशेहून अधिक. एवढ्या प्रजातींपैकी बहुसंख्य अत्यंत विरळ असतात. त्यामुळे एखाद्या हेक्टरच्या नमुन्यात एखादी प्रजाती दिसली नाही, तर ती तोडीमुळे नाहीशी झाली की मुळातच त्या हेक्टरात नव्हती, हे सांगता येत नाही. तोडीआधी आणि तोडीनंतर त्याच जागेची मोजणी झाली असेल तर गोष्ट निराळी. शेजारच्या अस्पर्श जंगलाशी तुलना करणारे अभ्यास वाचताना ही शंका सतत मनाशी बाळगावी.

पाणवठा

शततारका यांनी मोजणीचे उत्तम सांगितले आहे. मी सबाहमध्ये काही काळ नमुना क्षेत्रांवर काम केले आहे, म्हणून जमिनीवर काय दिसते ते लिहितो. माझ्या मते विविधतेचा प्रश्न ‘किती’ यापेक्षा ‘कोण’ आणि ‘कशी उभी’ यांत अधिक आहे.

सबाहच्या सखल जंगलावर डिप्टेरोकार्प कुलातील झाडांचे राज्य आहे. आपल्याकडचा साल याच कुलातला. सबाहच्या डॅनम खोऱ्यात याच कुलातील पिवळ्या मेरांटीचे एक झाड १०० मीटरहून थोडे अधिक उंच भरले आहे. अशा झाडांचे माथे जंगलाच्या छत्राच्या, म्हणजे बाकीच्या झाडांच्या एकमेकांना भिडलेल्या माथ्यांच्या, वर निघालेले असतात आणि त्यांच्याखाली तीन-चार थर सावलीत उभे असतात. या कुलातील प्रजाती दरवर्षी बहरत नाहीत. काही वर्षांच्या खंडाने, बहुधा एल निन्योच्या कोरड्या काळानंतर, एकाच वेळी कित्येक प्रजाती फुलतात आणि फळतात. बियांना पंख असले तरी बहुतेक बी आईच्या जवळपासच पडते. हे बी साठून राहत नाही, पडल्यावर लगेच रुजते किंवा मरते. म्हणजे तोडीच्या वेळी जमिनीवर रोपटी असतील तीच पुढची पिढी. ती ट्रॅक्टरखाली गेली, की पुढच्या बहरापर्यंत वाट पाहावी लागते, आणि बी देणारी मोठी झाडेच कापली असतील तर तो बहर येऊनही हाती काही लागत नाही.

आता वाटेचे सांगतो. ओंडके ओढण्याची वीस वर्षांपूर्वीची वाट जंगलात शिरताच ओळखू येते. पायाखालची जमीन एकदम सपाट आणि टणक लागते, पावसानंतर तिथे पाणी थबकते, आणि कडेने मॅकरांगाची एकाच वयाची, एकाच जाडीची झाडे ओळीने उभी असतात. कोकणातला चांदाडा ज्यांना माहीत आहे, त्यांना ही झाडे भेटल्यासारखी वाटतील, कारण तो याच प्रजातीसमूहातला. त्यांच्याबरोबर हमखास भेटतो तो कदंब. तिथे त्याला ‘लारान’ म्हणतात. आपल्या पुराणकथांतला हा वृक्ष तिथल्या तोडरस्त्यांवर सर्वांआधी येऊन उभा राहतो, हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी बराच वेळ त्याच्याखाली थांबलो होतो. वाटेच्या मधोमध मी कुदळ मारून पाहिली, ती दोन बोटांपलीकडे गेली नाही. बाजूच्या जंगलात तीच कुदळ सहज रुतत होती.

आता ही वाट तुमच्या नमुना क्षेत्रातून जात असेल, तर प्रजातींची यादी कदाचित वाढलेलीच दिसेल, कारण जुन्या सावलीप्रिय प्रजातींत प्रकाशप्रिय प्रजातींची भर पडते. यादी वाढली, जंगल मात्र मागे गेले. यासाठी प्रजातींची यादी देताना त्यातल्या किती प्रजाती छत्र पूर्ण झाल्यावरही टिकणाऱ्या आहेत आणि किती मोकळ्या जागेच्या आहेत, हे वेगळे काढून दाखवावे.

कमी आघाताच्या पद्धतीचे खरे यश मला अशा वाटा कमी ठेवण्यात दिसते. सबाहमधील देरामाकोट हे सुमारे ५५ हजार हेक्टरचे राखीव वन पाहण्यासारखे आहे. तिथे १९८९ मध्ये जुनी तोड थांबवली गेली, नंतर जर्मन तांत्रिक साहाय्याने नवी योजना आखली आणि १९९७ मध्ये त्याला वनव्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. शेजारीच तांगकुलाप हे जुन्या पद्धतीने जोरात तोड झालेले वन आहे. जपानी संशोधकांनी दोन्हींची तुलना केली, तेव्हा देरामाकोटमधील प्रजातींची घडण अस्पर्श जंगलाच्या बरीच जवळ निघाली, तर तांगकुलापच्या मोठ्या भागावर मॅकरांगासारख्या प्रजातींचा पगडा दिसला. मृण्मयी, तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर या तुलनेत आहे. काळजीने केलेली तोड प्रजातींचा आकडा वाढवते की टिकवते, यापेक्षा ती कोणत्या झाडांना पुढच्या पिढीचे आईबाप म्हणून ठेवते, हे पाहावे.

रायवळ

मी वनखात्यातून निवृत्त झालो आहे. नोकरीची पहिली वर्षे, म्हणजे १९८०च्या दशकातली, मी अंदमानात काढली. तेव्हा तिथे गर्जन आणि पडौक या इमारती लाकडाच्या झाडांची निवडक तोड चालत असे. आमच्या वेळी ‘कमी आघात’ हा शब्द नव्हता, पण त्यातल्या काही गोष्टी होत्या आणि काही नव्हत्या, आणि दोन्हींचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे.

होती ती गोष्ट म्हणजे हत्ती. ओंडके हत्ती ओढत असत. हत्तीची वाट माणसाच्या दोन हातांएवढी रुंद असते, ती झाडांना वळसा घालून जाते आणि दोन पावसाळ्यांत तिच्यावर रोपटी दिसू लागतात. नंतर जिथे यंत्रे आली तिथे चालकाला पुढचे दिसत नसे, म्हणून तो पात्याने समोरचे सगळे बाजूला सारत जाई. एका ओंडक्यापाशी पोहोचायला तो तीन वाटा काढी, कारण ओंडका कुठे पडला आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसे. नकाशावर आधी वाट आखणे ही कागदी बाब वाटते, पण सर्वांत मोठी बचत तिथेच होते. ब्राझीलमध्ये पॅरागोमिनासजवळ झालेल्या अभ्यासात नियोजन करून केलेली तोड दर घनमीटरमागे सुमारे बारा टक्के स्वस्त पडली होती, असे मी वाचले आहे, आणि अनुभवावरून मला त्यात नवल वाटत नाही. मजुरीचे दिवस, तेल आणि जंगलात हरवलेले ओंडके हे सगळे त्यात वाचते.

नव्हती ती गोष्ट म्हणजे वेलींची आगाऊ कापणी. एका विभागात, त्याचे नाव घेत नाही, आम्ही एक मोठा गर्जन पाडला. आम्ही हातोड्याची खूण फक्त त्याच एका झाडावर मारली होती. तो कलला आणि त्याच्या माथ्यातून गेलेल्या मनगटाएवढ्या वेलीने शेजारची दोन झाडे मुळांसकट ओढून आणली आणि तिसऱ्याचा माथा मोडला. त्या तिघांतला एक मांडीएवढा तरुण गर्जन होता, जो तोडीच्या पुढच्या फेरीत, म्हणजे काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा तोड होताना, कामाला आला असता. कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) नोंदवहीत त्या दिवशी एकच झाड लिहिले गेले, कारण वहीत पडलेल्या झाडांसाठी रकाना होता आणि मोडलेल्यांसाठी नव्हता. ती चूक माझीही होती, मी समासात तरी लिहायला हवे होते. तुमच्यासारख्या अभ्यासकांना माझे सांगणे आहे की तोडीच्या अधिकृत आकड्यांवरून नुकसानाचा अंदाज बांधू नका.

हेक्टरी किती झाडे काढली याकडेही लक्ष द्या. बोर्निओच्या इंडोनेशियातील भागात, पूर्व कालिमंतानमधील बेराऊ येथे सिस्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हेक्टरी आठ किंवा त्याहून कमी झाडे तोडली, तर कमी आघाताच्या पद्धतीत मूळ झाडांपैकी सुमारे २५ टक्के झाडांना इजा होते आणि नेहमीच्या पद्धतीत ४५ टक्के. आठांच्या वर गेले की हा फायदा झपाट्याने कमी होतो, कारण वाटा कितीही नीट आखल्या तरी पडणाऱ्या माथ्यांना जागा लागतेच. डिप्टेरोकार्पचे जंगल विक्रीयोग्य लाकडाने इतके भरलेले असते की व्यासाची मर्यादा एवढाच नियम ठेवला तर हेक्टरी त्याहून कितीतरी अधिक झाडे कायदेशीरपणे कापता येतात. व्यासाच्या मर्यादेने लहान झाड वाचते, पण सगळी मोठी झाडे एकदम जाणे तिच्याने थांबत नाही.

मृण्मयी_वन

सर्वांचे मनापासून आभार. रायवळ काका, आपल्या नोंदवहीच्या रकान्याची गोष्ट मी परिसंवादात सांगू इच्छिते, आपली परवानगी असेल तर.

आता एक उपप्रश्न. हेक्टरी आठ झाडांचा मुद्दा वाचल्यावर मी माझ्या टिपणांतले अभ्यास पुन्हा पाहिले. बऱ्याच ठिकाणी कमी आघाताच्या क्षेत्रात मुळातच कमी लाकूड काढलेले आहे, कारण उतार आणि ओढ्यांचे काठ वगळल्यावर तोडण्याजोगी जमीनच कमी उरते. मग चांगला निकाल पद्धतीमुळे आला की कमी तोडीमुळे, हे वेगळे कसे काढायचे? आणि गरज तेवढ्याच लाकडाची असेल, तर हेक्टरी कमी तोड केल्यास अधिक जंगल उघडावे लागेल. ते तरी हितकारक आहे का?

जांभूळपाडा

मृण्मयीताई, दोन्ही शंका रास्त आहेत. पहिलीसाठी अनेक अभ्यासांची एकत्र फेरतपासणी करणाऱ्या संशोधकांनी हेच दाखवले आहे की तोडीची तीव्रता हिशोबात न घेता पद्धतींची तुलना केली, तर पद्धतीच्या पदरात अधिक श्रेय पडते. उरलेल्या झाडांच्या इजेपुरता पद्धतीचा फायदा तीव्रता धरूनही टिकतो. प्रजातींच्या संख्येवर मात्र मुख्य प्रभाव तीव्रतेचा दिसतो. म्हणून तक्ता करताना ‘हेक्टरी काढलेले घनमीटर’ हा स्तंभ प्रत्येक अभ्यासासमोर ठेवा. ज्या लेखात तो आकडा नाही, तो लेख तुलनेतून वगळा.

दुसऱ्या शंकेवर सबाहमध्येच काम झाले आहे. एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी पक्षी, शेणकिडे आणि मुंग्या घेऊन असा विचार केला की तेवढेच लाकूड हवे असेल, तर सर्वत्र हलकी तोड बरी, की काही भागात जोरात तोड करून उरलेला भाग पूर्ण अस्पर्श ठेवणे बरे. दुसरा पर्याय अधिक प्रजाती राखतो असे त्यांना आढळले. पण त्याला एक अट आहे आणि ती कागदावर लिहायला सोपी, पाळायला कठीण आहे. अस्पर्श ठेवलेला भाग दहा-वीस वर्षांनीही अस्पर्शच राहिला पाहिजे. सबाहमध्ये जोरात तोड झालेली कितीतरी जंगले ‘निकृष्ट’ ठरवली गेली आणि तिथे तेलताडाच्या बागा झाल्या. तोडीनंतरच्या जंगलाची तुलना अस्पर्श जंगलाशी करणे योग्यच, पण व्यवहारात त्याची स्पर्धा ताडबागेशी असते, आणि ताडबागेत यांतले जवळपास काहीच उरत नाही.

पुट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून लिहिले की एकदा निवडक तोड झालेल्या जंगलात सस्तन प्राणी, पक्षी, अपृष्ठवंशी प्राणी आणि वनस्पती यांच्या ८५ ते १०० टक्के प्रजाती आणि सुमारे ७६ टक्के कार्बन टिकतो. लाकडाचे उत्पन्न मात्र पहिल्या तोडीनंतर सुमारे ४६ टक्क्यांनी घटते आणि पुढे त्या घटलेल्या पातळीवर राहू शकते. हा तिसरा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या फेरीत आपण शेकडो वर्षांची साठवण उचलतो. ब्राझीलच्या ॲमेझॉनमधील नियमांत यंत्राने केलेल्या तोडीसाठी ३५ वर्षांच्या फेरीत हेक्टरी ३० घनमीटर ही मर्यादा आहे, पण दर पस्तीस वर्षांनी तेवढे लाकूड पुन्हा भरून येत नाही, असे तिथले दीर्घकालीन नमुना क्षेत्रांचे निष्कर्ष सांगतात. पद्धत कितीही हळुवार असली, तरी फेरी आखूड असेल तर जंगलाची वरची चौकट दर वेळी खाली येत राहते. प्रजातींच्या यादीत हे लवकर दिसत नाही. मोठ्या व्यासाच्या वर्गातील झाडांची संख्या आणि छत्राची उंची मोजली तर पहिल्या फेरीतच दिसते.

पाणवठा

जांभूळपाडा यांच्या शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे. मृण्मयी, भारतात आता सदाहरित जंगलांतील अशी व्यापारी तोड जवळपास थांबली आहे. १९८८ च्या वनधोरणाने या जंगलांच्या पूर्ण संरक्षणाचे धोरण ठेवले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ आणि अंदमानविषयीच्या २००२ च्या आदेशांनी त्याला धार दिली. त्यामुळे आपल्याकडे तुलनेला जुन्या तोडीच्या जागाच आहेत. कर्नाटकच्या कोडगूमधील उप्पंगला येथे पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेची नमुना क्षेत्रे आहेत. तिथे १९९० पासून झाडन् झाड पुन्हा पुन्हा मोजले गेले आहे आणि अस्पर्श भागाची वीस वर्षांची मोजणी प्रसिद्ध झाली आहे. ते जंगलही डिप्टेरोकार्पचे आहे, त्यामुळे पश्चिम घाटातला आधार हवा असेल तर तिथून सुरुवात करा.

मृण्मयी_वन

उप्पंगलाची माहिती लगेच शोधते. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या विभागाच्या सहलीत एक लहान नमुना क्षेत्र आखण्याचा विचार आहे. आधारमुळांच्या भिंती असलेल्या झाडांचा घेर छातीच्या उंचीवर घेतला तर तो फुगून येतो. तिथे आपण काय करता?

पाणवठा

आधारमुळे जिथे संपतात तिथून निदान अर्धा मीटर वर, जिथे खोड गोल होते, तिथे घेर घ्यायचा. गरज पडली तर शिडी लावायची, आणि ज्या उंचीवर घेतला ती उंची वहीत लिहायची. मग त्या जागी रंगाची रेघ ओढायची, कारण पाच वर्षांनी येणारा मोजणारा दुसरा असेल आणि त्याने दोन बोटे खालून फीत गुंडाळली, तर झाड वाढले की मुळे फुगली हे कुणालाच कळणार नाही. रेघ झाडाच्या पूर्ण भोवती ओढा, एकाच बाजूला नको. आम्ही एकाच बाजूला ओढली होती, आणि पुढच्या खेपेला त्या बाजूला शेवाळे चढले होते.

रायवळ

परवानगी आहे, मृण्मयी. आणि तुमच्या वहीत मोडलेल्या झाडांसाठी रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.